बारा वाजायच्या आत

आगरदांड्याजवळच्या आमच्या वाडीत विहाराची चावी वेणूकाकीच्या पदराच्या गाठीला असते. नवरा गेल्यापासून विहार झाडणं, सकाळ-संध्याकाळ दिवा लावणं आणि बुद्धपौर्णिमेला खीर शिजवणं ही कामं तिच्याकडे आली ती आलीच. एखादं काम एकदा कुणाच्या गळ्यात पडलं की बाकीचे त्याचं कौतुक करायला मोकळे होतात, तशातली गत. काकीचा एक नियम होता. ज्याच्याकडे चावी, त्याने सगळ्यांच्या शेवटी निघायचं. त्यामुळे लोक घरी जाऊन घोरायला लागले तरी ही आपली पातेली घासत असायची.

यंदा मात्र तिचे गुडघे साफ थकले होते. मी शेजारीण, म्हणून मला तिने आधीच सांगून ठेवलं होतं, की भन्तेंनी एकदा माझ्या हातची खीर खाल्ली की चावी मंडळाला देऊन मी मोकळी. इतक्या वर्षांत पौर्णिमेला भन्ते आमच्याकडे कधी आलेच नव्हते. मोठ्या गावांचा नंबर आधी. यंदा त्यांनी कबूल केलं होतं, श्रीवर्धनकडचा सकाळचा कार्यक्रम उरकून दिघीहून फेरीबोटीने येतो म्हणून.

भन्ते पडले भिक्खू, आणि भिक्खूंचं जेवण दुपारी बाराच्या आत व्हावं लागतं, नंतर अन्न चालत नाही. म्हणून काकीने पहाटेच चूल पेटवली. सकाळच्या वंदनेला तिने स्वतःही अष्टशील घेतलं, म्हणजे बारानंतर तिलाही अन्न वर्ज्य. पांढरं लुगडं नेसून ती खिरीजवळ बसली. दोन घास खाऊन घे म्हटलं, तर भन्तेंच्या आधी कशी खाऊ, असं मलाच विचारलं. बाईच्या हट्टापुढे कोण काय बोलणार?

मे महिना. तिकडे आधीच्या कार्यक्रमात वक्ते माइक सोडेनात आणि दिघीच्या धक्क्यावर पर्यटकांच्या गाड्यांची ही रांग. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष राहुल कामोठ्याहून बायकामुलांना घेऊन आला होता. तो सारखा फोन करत होता आणि आता निघतीलच, निघतीलच म्हणत होता. काकी घड्याळाकडे बघायची, खीर ढवळायची, परत घड्याळाकडे बघायची. बारा वाजले तेव्हा तिने डाव खाली ठेवला.

भन्ते आले ते घामाने निथळत, साडेबारा उलटून गेल्यावर. वाढलेलं पान बघून त्यांनी हात जोडले.

"एक चमचा तरी घ्या, भन्ते," राहुल म्हणाला. "काकी पहाटेपासून राबतेय. इथं कोण बघतंय?"

खरं सांगते, त्यांनी तो चमचा घ्यावा असं मलाही वाटलं. पण काकीच मधे बोलली. "न्हाय राहुल. माझ्या खिरीपायी त्यांचा नेम मोडायचा न्हाय."

तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. ते पिऊन भन्ते हळूच म्हणाले, "आई, दान पोचलं. आता तुम्ही जेवा."

"मी बी अष्टशील घेतलंय," काकी म्हणाली. भन्तेंनी रिकामा तांब्या खाली ठेवला आणि ते वंदनेला बसले.

वंदना झाली, भन्तेंचं प्रवचन, म्हणजे देशना, झाली. वाडीने खीर ओरपली, दरवर्षीसारखीच झालीय म्हणाली. आभार मानताना राहुलने जाहीर केलं, की पुढच्या वर्षी भन्तेंना आदल्या दिवशीच बोलावू, आणि खीर अर्थातच वेणूकाकीच्या हातची. टाळ्या पडल्या.

काकी गुडघ्यावर हात टेकून उठली. पदराची गाठ सोडून तिने चावी राहुलच्या तळहातावर ठेवली.

"फुडच्या वर्षी मी खायाला येईन."

तो हसला, काकी गंमत करते असं त्याला वाटलं. काकी हसली नाही. विहाराच्या कोपऱ्यात चटई टाकून ती आडवी झाली आणि उपाशीपोटी गाढ झोपली. तिला दिवसाउजेडी झोपलेली मी कधी पाहिलीच नव्हती.

भन्ते गेले, माणसं पांगली. राहुलच्या गाडीत बसून मुलं हॉर्न वाजवायला लागली, तसा तो चावी मला द्यायला आला. मी हात मागे घेतला. "ती उठल्यावर कुलूप लाव," मी म्हटलं. "चावीवाला शेवटी निघतो."

त्याने झोपलेल्या काकीकडे एकदा पाहिलं. मग बाहेर जाऊन त्याने हॉर्न बंद करायला सांगितला, परत आला, आणि पातेली कुठे घासतात ते मला विचारलं.