आबांनी गवताला घातलेला मांडव

नातवंडांनो,

तुमच्या अंगणातला फोटो मिळाला. मागे पडलेल्या बियाण्याच्या पिशवीवर ‘पेरेनियल रायग्रास’ असं वाचलं आणि मी एकटीच हसत सुटले. हे गवत माझ्या लहानपणी आमच्या गावी, कळसाडीला, येऊन गेलं आहे. क्रमाने सांगते, नाहीतर तुमचा विश्वास बसणार नाही.

गवत्या आबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. कुठलंही नवं गवत दिसलं की आधी स्वतः चावून बघत, मग म्हशीला देत. म्हशीने तोंड फिरवलं तर म्हणत, “तिले काय कळस? मी खाईसन पाह्यं!”

उन्हाळ्यात त्यांची बायको, आमची मोठी माय, नदीकाठावरून हिरव्या चाऱ्याचा भारा डोक्यावर आणायची. मान धरायची तिची. आबांना ते बघवत नसे. पण भारा बायकांनीच वाहायचा, हे गावात ठरलेलंच होतं.

एकदा बदली होऊन निघालेल्या गोऱ्या साहेबाच्या सामानाचा लिलाव झाला. त्यातून आबांनी बियाण्याचा पत्र्याचा डबा आणला. इंग्रजी शिकणारी घरात मी एकटी. मी ऐटीत मोठी अक्षरं वाचली: बारमाही राय गवत, गुरांसाठी उत्तम. बारीक अक्षरांचा कंटाळा केला.

“आयकं का?” आबा मोठ्या मायला ओरडले. “एकदाव पेरं का कापतच ऱ्हावा! तुन्हा डोकावरना भारा उतरना समज!”

“आन म्हशीले इंग्रजी कोन शिकाडी?”

विहिरीजवळच्या वाफ्यातली मारवेल, म्हणजे आपलं गावठी गवत, आबांनी मुळासकट उपटून पाटाकडेला फेकली आणि बी पेरलं. थंडीत राय असं माजलं, की आबा पाहुण्यांना जोडे काढायला लावून त्यात उभं करत. म्हैस ते दिसताच दावं तोडायची.

चैत्रात ते पिवळं पडू लागलं. आबांनी वर ओली पोती बांधली, मग पासोड्या, शेवटी मोठ्या मायची दोन लुगडी. रस्त्यावरून एक गाडीवान ओरडला, “आबा, लगीन कोनं शे?”

“गवतनं! जेवाले ये!”

मोठी माय हसून हसून बांधावरच बसली.

वैशाखात मांडव राहिला, नवरदेव गेला. मी रडत रडत डब्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली: फक्त थंड, ओलसर मुलखासाठी. आबांनी डबा माझ्या हातून काढून घेतला. मग म्हणाले, “बरं झालं तू वाचं नही. वाचं आसतं तं मी पेरतूच नही, आन हाई लगीन कोन लावतं?”

दुसऱ्या सकाळी त्यांनी मोठ्या मायच्या हातून विळा घेतला, नदीवर गेले आणि भारा स्वतःच्या डोक्यावर घेऊन भर गावातून आले.

“आबा, बांगड्या भराले कवय येऊ?” पारावरून कोणीतरी विचारलं.

“पहिले भारा उतराले ये!”

त्याच उन्हाळ्यात दिसलं, की पाटाकडेला फेकलेल्या मारवेलीने ओलीत मुळं धरली होती आणि ती हिरवीगार उभी होती. आबांनी एक काडी तोडून चावली आणि म्हशीला हाक मारली. चाऱ्यासाठी नदीवर जाणं सुटलं. तरी वीस पावलांवरचा तो भारासुद्धा त्यांनी मोठ्या मायला कधी उचलू दिला नाही.

दोघंही आता नाहीत. पाटाकडेची मारवेल अजून आहे, आणि आमच्या घरात भारा अजून पुरुषच आणतात.