उशाखालची काडेपेटी

थंडीत बाहेर मुक्काम म्हटला की आमच्या जळगावकडच्या माणसाला जाळावर भाजलेली वांगी लागतातच. पिंपळनेरच्या पुढच्या डोंगरावर आम्ही एका रात्रीसाठी तंबू लावले, खालच्या पाड्यावर विचारूनच. नवरा, मी आणि माझे दीर. दिरांनी पिशवीतून वांगी काढली आणि काटक्या गोळा करायला निघाले.

"इथे जाळ करायचा नाही," मी म्हणाले. आजूबाजूचं गवत वाळून खडखडीत झालं होतं. एक ठिणगी पुरली असती. "भरीत मी घरून आणलंय."

"गॅसवर भाजलेलं?" दिरांनी नाक मुरडलं. "वहिनी, त्यापेक्षा घरीच राहिलो असतो."

ते न जेवताच झोपले. नवरा मध्ये पडला नाही, त्याचा मला वेगळाच राग आला. चहाच्या छोट्या शेगडीसाठी आणलेली काडेपेटी मी उशाखाली घेतली. बाहेर गवत सळसळलं की मी उठायची, तंबूची चेन उघडून धुराचा वास येतो का बघायची, पुन्हा आडवी व्हायची. डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी कातळावर शेगडी मांडली. सारखी चेन उघडून मीच आत घेतलेल्या दवानं काडेपेटी सादळली होती. एकही काडी पेटेना. दिरांनी खिशातून लायटर काढला आणि शेगडी पेटवली.

"हा रात्रभर तुमच्याकडेच होता?" मी विचारलं.

"मग कोणाकडे असणार?" ते म्हणाले, आणि कच्ची वांगी एकेक करून पिशवीत भरू लागले.