मायचा पुसट चेहरा

रिसोडच्या बसस्टँडजवळच्या त्या फोटो स्टुडिओत मी एकदाच गेले. लेकीच्या लग्नाच्या डिजिटल अल्बममध्ये पहिलं पान माझ्या मायचं हवं होतं. माय जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा एकुलता एक काळापांढरा फोटो होता, भाजीबाजारात मेथीच्या जुड्या विकायला बसलेली असतानाचा. ऐनवेळी मान वळवल्यानं चेहरा पुसट आलेला.

कॉम्प्युटरपुढे साठीकडे झुकलेला एक माणूस होता. माउस धरण्याआधी त्यानं बोटं रुमालाला पुसली, जणू खरेच रंग लागणार होते. मग एकेक विचारत गेला. लुगडं कोणत्या रंगाचं? टोपली बांबूची का? बघता बघता फोटोचं चित्र झालं, आणि मेथी नुकतं पाणी मारल्यासारखी टवटवीत दिसू लागली.

आमच्याकडे गेलेल्या माणसाला अल्बममध्ये गोरं करून, दागिने घालून बसवतात. मीही म्हणाले, "तिले जरा गोरी करा. चेहरा नीट काढा, गळ्यात सोन्याची पोत घाला."

"पोत होती का त्याइले?"

"नाही."

त्यानं माउस सोडला. "ताई, बाकी सारं रंगवतो, पण चेहऱ्यावर ब्रश नाही फिरवत मी. मी काढला त तो माह्या मनातला होईन, तुमच्या मायचा नाही राह्यणार."

मला रागच आला. तरी पडद्याकडे पाहिलं. इतक्या रंगांच्या मधोमध माय तशीच होती, कुणी हाक मारल्यासारखी वळलेली. फोटो काढला त्या दिवशी हाक मीच मारली होती.

त्या माणसाचं नावही मी विचारलं नाही. पण अल्बम उघडला की माय अजून माझ्या हाकेला वळते, ती त्याच्यामुळे.