रंग तेवढा गेला

प्लास्टिकच्या कॅनमध्ये काळं पाणी भरून मामा एसटीने गोंदियाला आले, तेव्हा वाटेत कंडक्टरने त्यांना विचारलं म्हणे, की यात मेलंय काय? मामांनी झाकण आणखी घट्ट केलं आणि म्हणाले, "आमच्या गावचा नाला हाय."

अर्जुनी मोरगावकडे मामांची थोडी धानाची शेती आणि एक बोडी, म्हणजे शेतातलं लहान तळं. धान घरच्या खाण्यापुरतं, बाकी संसार बोडीतल्या मासोळीवर. रोहू-कतल्याचं बोटभर बीज सोडायचं आणि पोरांसारखं वाढवायचं. बोडीत पाणी येतं ते बाजूच्या नाल्यातून. त्या नाल्यावर वरच्या अंगाला उसना, म्हणजे उकडा तांदूळ काढणारी एक राइस मिल उभी राहिली आणि धान भिजवून सोडलेलं पाणी खाली येऊ लागलं, काळपट, आंबूस वासाचं. मामा वास आला की बोडीचं तोंड चिखल आणि पोती लावून बुजवायचे, नाला निवळला की उघडायचे. पुढे तो निवळेनासाच झाला, बोडी आटायला लागली, म्हणून मामा कॅन घेऊन भाचीकडे आले. भाची कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, म्हणजे तिच्याकडे इलाज असणारच.

मी तासिका तत्त्वावर शिकवते. दर वर्षी पुन्हा मुलाखत द्यायची आणि दर वर्षी विभागप्रमुख सरांच्या मर्जीत राहायचं. मामांना हे कधी सांगितलं नव्हतं. माहेरच्या माणसांसमोर एवढा तरी तोरा हवा.

इलाज मात्र सुचला, आणि तो त्या मिलच्याच आवारात ढिगाने पडला होता. धानाचं तूस. ते आम्लात भिजवायचं, झाकणबंद मुशीत घालून भट्टीत हवा न लागू देता जाळायचं, मग आम्लाचा अंश जाईपर्यंत धूत बसायचं. हाती येतो तो सक्रिय कार्बन, म्हणजे बारीक बारीक छिद्रांचा कोळसा. पाण्यातली घाण त्या छिद्रांना चिकटते. आधी शाईसारख्या निळ्या रंगाच्या पाण्यावर त्याची परीक्षा घेतली. मग काचेच्या नळीत खाली कापूस, वर कोळसा असा थर लावून मामांचं पाणी ओतलं. खालून थेंब थेंब नितळ पाणी पडायला लागलं. वाससुद्धा नाही. त्या दिवशी कुडव्याला घरी जाताना स्कूटीवर मी गाणं म्हणत होते.

दुसरी चाचणी केली आणि गाणं थांबलं. धान भिजवताना पाण्यात जे विरघळतं, ते जंतूंचं खाणं. खाता खाता जंतू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि मासोळी गुदमरते. ती रंगाने मरत नाही. गाळलेलं पाणी बाटल्यांत भरून अंधारात ठेवलं, नंतर मोजलं, तर काळं पाणी जेवढा प्राणवायू खात होतं, जवळजवळ तेवढाच हे नितळ पाणीही खात होतं. कोळशाने रंग धरला, वास धरला, बाकीचं बहुतेक सोडून दिलं होतं.

मी हे आमच्या विभागप्रमुख सरांना दाखवलं. ते म्हणाले, "मॅडम, रंग लोकांना दिसतो. ऑक्सिजन दिसतो काय?" आणि विज्ञान दिनाच्या कार्यक्रमातून ती चाचणी वगळली. मी तोंड उघडलं, पण मुलाखत जवळ आली होती, ते पुन्हा मिटलं. त्या मिटण्याचा राग मला आजही येतो, आणि सरांचा त्याहून जास्त येतो.

पाहुणे म्हणून कोण, तर मिलचे शेठजी. मी नळीत काळं पाणी ओतलं, खालच्या चंचुपात्रात नितळ पाणी जमलं, शेठजी उठून उभे राहिले. "वाह मॅडम, ये तो जादू है!" टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत इस्त्रीचा सदरा घालून मामा बसले होते. सगळ्यांचे हात थांबले तरी ते वाजवतच होते. नंतर बसस्टँडवर मी त्यांना सांगितलं, "मामाजी, रंग गेला म्हणजे सगळं गेलं नाही." ते "हव, हव" म्हणाले आणि बाजूच्या माणसाला सांगू लागले, की ही माझी भाची.

शेठजींनी मिलच्या तोंडाशी कोळशाचे ड्रम बसवले. रंग फिरून दिसला की कोळसा लगेच बदलत होते. नाला नितळ झाला. तपासणीला माणूस आला, त्याने वाकून पाहिलं, वास घेतला आणि समाधानाने निघून गेला. गावातली ओरड थांबली. दिसतच काही नव्हतं, तर ओरडणार कशावर?

उन्हाळ्यात बोडीतलं पाणी खाली गेलं, आणि मामांनी बोडीचं तोंड उघडलं. दोन दिवसांनी सकाळीच फोन आला, "बाई, मासोऱ्या वर येऊन तोंड वासून राह्यल्या वो."

मी पोचले तेव्हा बोडीवर पांढरी पोटं तरंगत होती. मामी टोपलीने ती काठावर ओढत होती. मामा आंब्याखाली बसले होते.

"पानी त साफ होतं, बाई. म्या आपल्या डोऱ्यानं पाह्यलं, तुह्याच हातात."

मी त्यांना सगळं समजावलं. जंतू, प्राणवायू, अंधारात ठेवलेल्या बाटल्या. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मंग कारं होतं तेच बरं होतं ना? कारं दिसलं का म्या तोंड बुजवत होतो."

मी मामीच्या हातातली टोपली घ्यायला गेले, तिने दिली नाही.

कॉलेजात येऊन सरांपुढे बोलले, तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली होती. ते शांतपणे म्हणाले, "नाल्याचं पाणी स्वच्छ आहे मॅडम, आपलाच प्रयोग आहे." यंदाही विज्ञान दिनाला तो प्रयोग झाला. मी केला नाही, दुसऱ्या कुणी केला. टाळ्या तेवढ्याच पडल्या.

मामांनी पुन्हा बीज सोडलंय. माझ्यावर राग धरला नाही, धरला असता तर बरं झालं असतं. अधूनमधून त्यांचा फोन येतो. आवाज घाबरा असतो.

"बाई, पानी लय साफ येऊन राह्यलं वो. बंद करू काय?"

मी म्हणते, "करा मामाजी."