पुलापर्यंत पोचलेली गोष्ट

रोज पहाटे पावांचा ट्रे भट्टीत सरकवताना दोन्या सोइला, म्हणजे आमच्या सोइलाबाई, एक इंग्रजी शब्द म्हणायच्या. दार लागायच्या आत तो नीट उच्चारता आला तर पाव फुलणार, नाही तर करपणार, असं त्यांचं ठाम मत होतं. शेजारच्या खिडकीत केस विंचरताना मला ते ऐकू यायचं.

सगळा खटाटोप नातवासाठी. मुलगी मार्लेन न्यू जर्सीला गेली आणि जेफरसन तिथंच जन्मला. रविवारी फोनवर तो इंग्रजी बोले, आजी स्पॅनिश, आणि दोघांमध्ये दुभाषी होऊन मार्लेन दमून जाई.

आमच्या ग्वालासेओ गावच्या वाचनालयात आम्ही दोघी इंग्रजी शब्दांच्या वर्गाला जायचो. दर मोसमाला वर्गाच्या बाई तिथं लघुकथा स्पर्धा घेत. गोष्ट इंग्रजीत, आणि फळ्यावरचे सगळे शब्द तिच्यात यायलाच हवेत. पहिली आलेली गोष्ट लिहिणाऱ्याच्याच आवाजात, परदेशातल्या आपल्या माणसांसाठी रेडिओवर लागे.

"जेफरसन ऐकेल," त्या म्हणाल्या, "आणि मध्ये मार्लेन नसेल."

नोव्हेंबरची स्पर्धा मृतांच्या दिवसांत आली. घरोघरी पावाच्या बाहुल्या भाजल्या जात होत्या, काही पोरांसाठी, काही थडग्यांवर न्यायला. दोन्या सोइलांच्या गोष्टीत अशीच एक बाहुली पूल ओलांडून, बर्फ तुडवत एका मुलाकडे निघते. वाचून झालं तेव्हा वर्गात कुणी हललं नाही. फळ्यावरचा एकच शब्द राहिला होता. गुडबाय, म्हणजे निरोप.

"घाला की एक वाक्य," बाई म्हणाल्या. "मुलगा बाहुलीला निरोप देतो. झालं!"

"या आठवड्यात निरोप स्मशानात द्यायचा असतो, प्रोफे. जित्या पोराच्या तोंडी नाही घालायचा. आमची आई असती तर लाटणं फेकून मारलं असतं."

"अहो, गोष्टच तर आहे!"

"म्हणून तर. बोललेलं विरून जातं, गोष्टीतलं तसंच राहतं."

मी कानाशी लागले, "खोकत खोकत म्हणून टाका ना."

"तू खोकत खोकत नवरा मिळव आधी," त्या म्हणाल्या, आणि सगळा वर्ग हसला.

शब्द आला नाही. पहिला नंबर न्हावी सेगुंदोंचा आला. त्यांच्या गोष्टीतल्या बकरीने दोनदा निरोप घेतला होता. दोन्या सोइलांनी जोरात टाळ्या वाजवल्या. घरी येताना म्हणाल्या, "बकरी बरी होती हं."

रविवारी त्यांनी फोनवर स्वतःच गोष्ट सांगायला घेतली. जेफरसनला खेळायला जायचं होतं.

"पुलापर्यंत पोचली गं गोष्ट," त्यांनी अंगणाच्या भिंतीवरून मला सांगितलं. "त्याने विचारलं, मग? मला विचारलं, आईला नाही. बर्फ पुढच्या रविवारी."

आठवडाभर भट्टीपाशी बर्फच ऐकू येत होता. शनिवारी पहाटे काही ऐकू आलं नाही, म्हणून मी भिंत ओलांडून गेले. त्या झोपेतच गेल्या होत्या.

आदल्या संध्याकाळी मी ट्रे उतरवायला मदत करत होते, तेव्हा हात पुसत म्हणाल्या होत्या, "ती मनुकांच्या डोळ्यांची बाहुली वरच्या फळीवर ठेव, जेफरसनची आहे. आणि वर फडकं टाक गं, माश्या बसतात."