फ्रीजवाल्या बाई

“फ्रीजवाल्या बाई, या पुढं.”

तालुक्याच्या कार्यालयात घरकुलाच्या टेबलावरच्या बाबूंनी माझ्या मायला अशी हाक मारली. व्हरांड्यात तीसेक माणसं होती. आधी कोणी हललं नाही, कारण तशी बाई कोणालाच माहीत नव्हती. मग बाबूंनी मायचं नाव घेतलं आणि लोक हसले. रांगेतल्यांची घरं आमच्यासारखीच होती. तेही हसले.

माय पुढं गेली. मी तिच्यामागं. बाबूंनी यादीवर बोट ठेवलं. घरी फ्रीज असल्यामुळं अपात्र.

“फ्रीजवाले बी घरकुल मांगून राहिले आता,” ते बाजूच्या टेबलाला म्हणाले.

मायनं सांगितलं, फ्रीज आमचा नाही. बाबूंनी कागद पुढं सरकवला. त्यावर तिची सही होती.

“मंग तवा खोटं काहून बोलल्या?”

मायजवळ उत्तर होतं. ते तिथं सांगण्यासारखं नव्हतं.

त्याआधी मे महिन्यात, भर दुपारी, पाहणीचे साहेब घरी आले होते. आमचं घर म्हणजे मातीच्या तीन भिंती. चौथी पावसाळ्यात पडली, तिथं ताडपत्री. मागं शकुंतला रेल्वेचे बंद पडलेले रूळ. पाहणी आहे हे कळल्यावर मायनं दोन दिवस घर आवरलं. सारवलं. बहिणीच्या लग्नातली साडी नेसली. शेजारच्या रजिया खालांकडून दोन खुर्च्या आणल्या. घर पाहायला येणारा माणूस पाहुणा असतो, एवढंच तिला माहीत होतं. घर जितकं वाईट दिसेल तितकं बरं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही सुचलं नाही. मी मूर्तिजापुरात झेरॉक्सच्या दुकानात कामाला होते. रोज असेच अर्ज छापत होते.

साहेब घामानं भिजले होते. माय ताडपत्री उचलून खालांकडं गेली आणि त्यांच्या फ्रीजमधली बाटली घेऊन आली. साहेब दोन ग्लास पाणी प्यायले.

“थंडगार आहे. फ्रीज आहे वाटतं?”

“हाव जी,” माय म्हणाली.

साहेबांनी मोबाइलवर बोट टेकवलं, मग एका कागदावर तिची सही घेतली. मी ते पाहिलं. त्याचा अर्थ मला कळला नाही.

कार्यालयातून परतताना बसमध्ये मी मायला विचारलं, तू हो का म्हणालीस. ती खिडकीबाहेर पाहत होती.

“पाहुण्याले सांगू का, तुमच्यासाठी पाणी मांगून आणलं म्हणून?”

रजिया खालांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी फ्रीजकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “फ्रीज मेरा, और घर तेरा गया.” आणि हसल्या. मायही हसली, थोडी.

पुढचं वर्ष दुसरं घर शोधण्यात गेलं. अकोल्यात कमी उत्पन्नवाल्यांसाठी घरं निघाली म्हणून गेलो. बँकेनं पगाराची चिठ्ठी मागितली. माय डाळमिलमध्ये निवडणीला जाते. तिथं चिठ्ठी मिळत नाही. अमरावतीत बडनेऱ्याकडं एक खोली पसंत पडली. मालकानं आधी आडनाव विचारलं. मग घरात पुरुष कोण ते विचारलं. मग खोली कालच दुसऱ्याला दिली असं सांगितलं. बाहेर ‘भाड्याने देणे आहे’ ही पाटी तशीच होती. महिन्यानं मी पुन्हा त्या रस्त्यानं गेले, तेव्हाही होती. मूर्तिजापुरात एक खोली मिळत होती, म्हशींच्या गोठ्याला लागून. तिचंही भाडं आम्हाला झेपणारं नव्हतं.

त्या वर्षी मला राग आला असं आठवत नाही. काहीच आलं नाही. मी घरी यायचे, जेवायचे, ताडपत्रीवरचे दगड पाहायचे, झोपायचे.

मग अपात्र घरांची फेरपाहणी लागली. आदल्या दिवशी सरपंचांचा निरोप आला : जरा गरिबीत राहा म्हणावं. मायनं कुकर, स्टीलचे डबे, पितळेची परात असं सगळं खालांकडं नेऊन ठेवलं. गेल्या वेळी त्यांच्या वस्तू आमच्याकडं आल्या होत्या. या वेळी आमच्या तिकडं गेल्या. नेसायला फाटकी साडी तिच्याकडं नव्हती. एक होती, तिचं आम्ही पायपुसणं केलं होतं. ती तिनं धुतली आणि नेसली.

या वेळी साहेब दुसरे होते. त्यांनी मायला ताडपत्रीसमोर उभं केलं, हातात नावाची पाटी दिली.

“खाली बघा, बाई. हसता कशाला?”

माय हसत नव्हती. फोटो काढताना तिचं तोंड तसं होतं.

मग साहेबांचं लक्ष भिंतीवरच्या फळीकडं गेलं. तिथं माझी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं होती, रद्दीतून घेतलेली. ती लपवायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

“ही झाका. पुस्तकंबिस्तकं दिसली की वरून विचारणा होते.”

मायनं चादर उचलली. पायपुसणं नेसलेली माझी माय माझी पुस्तकं झाकायला निघाली होती. मी तिच्या हातातून चादर घेतली.

“थांब, माय. साडी बदलून ये.”

साहेब म्हणाले, त्यांना अजून चार घरं करायची आहेत. मी चादर खाली ठेवली. खालांकडं गेले. दोन फेऱ्यांत सगळी भांडी आणली आणि होती तिथं मांडली. परात खालांनी स्वतः आणली आणि त्या दारात उभ्या राहिल्या. माय लग्नातली साडी नेसून आली.

“तुमच्या मोबाइलात काय काय इचारलं हाय ते वाचा,” मी साहेबांना म्हणाले. “मोठ्यानं.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. खालांकडं पाहिलं. मग वाचायला लागले. गाडी. नाही. फ्रीज.

“नाही,” माय म्हणाली. “मागच्या साहेबानं पेलं ते पाणी खालाच्या घरचं होतं. तसं लिहा.”

तसं लिहायला इथं जागा नाही, साहेब म्हणाले. मग नाही एवढंच लिहा, माय म्हणाली. भिंती. मी ताडपत्री वर उचलून धरली.

“पुस्तकं इचारलं हाय का कुठं?” मी विचारलं.

“नाही.”

“मंग राहू द्या.”

फोटो तसाच निघाला. साडी, कुकर, पुस्तकं, ताडपत्री. माय कॅमेऱ्याकडं पाहत होती. निघताना साहेब म्हणाले, असे फोटो पास होत नाहीत, नंतर माझ्याकडं येऊ नका.

नाव अजून यादीत आलेलं नाही. अर्जाची पोच माझ्याकडं आहे. गावात पाहणी असली की मी दुकानातून सुट्टी घेते. सहीच्या आधी प्रत्येक घरी साहेबांना मोबाइलातले प्रश्न मोठ्यानं वाचायला लावते. ग्रामसभेत अपात्रांची यादी कारणांसह वाचायला लावते. कार्यालयात आता मलाही एक नाव पडलं आहे. पडू द्या.

आमच्याकडं पुन्हा पाहणी होईल. माय चांगली साडी नेसेल. पुस्तकं फळीवर असतील. साहेबांना पाणी मिळेल. ते माठातलं असेल, आणि त्यांनी विचारलं नाही तरी आम्ही तसं सांगू.