चारशे टिचक्या

कपांच्या कारखान्यात तिला सगळे टिचकीमावशी म्हणत. भट्टीतून निघालेल्या कपाला नखाने टिचकी मारायची. टण् वाजला तर चांगला, बद्द वाजला तर तडकलेला. बावीस वर्षं हेच काम. सवय अशी जडलेली की दुकानात गेली तरी बरण्या वाजवून बघायची. "मलाही एकदा वाजवून बघ की," नवरा चिडवायचा. "ते लग्नाआधीच करायला हवं होतं," ती म्हणायची.

नव्या मॅनेजरसाहेबांनी आल्या आल्या दोन्ही भट्ट्यांचे दहा-दहा कप तपासायला लावले. पहिलीचे सगळे चांगले, दुसरीचे दोन बद्द निघाले. नियम असा होता, की शंभरात दहाहून जास्त खराब असले तर भट्टी बंद. साहेबांनी बोटांवर गणित केलं, दहात दोन म्हणजे शंभरात वीस, आणि एक घाव दोन तुकडे! सोमवारपासून दुसरी भट्टी बंद, तिथल्या अकरा बायका घरी. त्या अकरांत मावशीची धाकटी नणंद होती, आणि नणंदेच्या घरात दुसरं कोणी कमावणारं नव्हतं.

मावशी न विचारताच केबिनमध्ये शिरली. मागोमाग दारात बायकांची गर्दी झाली.

"दहा कपांवरून अकरा जणींच्या पोटावर पाय देता?"

"शितावरून भाताची परीक्षा होते, मावशी."

"भात एका पातेल्यात शिजतो, साहेब. भट्टीत एक कप आचेजवळ, दुसरा कोपऱ्यात. एकाच भट्टीचे दहा-दहा कप मी आजवर कितीदा वाजवलेत. कधी एकही खराब नसतो, कधी तीन निघतात. चारशे घेतले की आकडा अशा उड्या मारत नाही. चारशे वाजवू या."

"तुमची नणंद आहे तिथे, म्हणून एवढा पुळका."

"आणि नवरा पहिल्या भट्टीवर आहे. माझ्यावर भरवसा ठेवूच नका. कप तुम्ही काढा, सगळ्या फळ्यांवरून, न बघता. मी फक्त वाजवते."

साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण दारात एवढी माणसं उभी असताना नाही कसं म्हणणार? बाह्या सरसावून ते कप काढायला लागले.

शंभर झाले तेव्हा नऊ बद्द होते. नणंदेची पाचावर धारण बसली. ती मावशीच्या कानाशी आली.

"वहिनी, थांब ना आता. नऊ म्हणजे दहाच्या आत. वाचलो आपण!"

"शंभरात नऊ निघाले म्हणून भट्टीची खराबी नऊच, असं नाही. पाच असेल, पंधराही असेल. चारशे ठरलेत."

"आणि वाढली तर?"

"तर भट्टी बंद करा, असं मीच सांगेन."

नणंदेने तोंड फिरवलं. "घरचीच वैरीण निघाली," मागून कोणीतरी पुटपुटलं. मावशीला ते लागलं, चांगलंच लागलं. पण खोटी मोजणी करून नणंदेला वाचवायचं, तर साहेबांवर ओरडायचा तिला काय हक्क? तिने पुढचा कप ओढला. दोनशे झाले, तीनशे झाले. नख दुखायला लागलं तेव्हा तिने बोट बदललं.

चारशे संपले. बद्द निघाले चोवीस.

"शंभरात सहा," मावशी म्हणाली. "खरा आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण दहाच्या वर जाणं कठीण."

साहेबांनी कपाळ पुसलं. "मग माझ्या दहात दोन कसे आले?"

"आले हाताला. दहात असं होतंच."

"ठीक आहे, चालू ठेवा भट्टी," साहेब म्हणाले. बायकांनी एकच गलका केला. नणंद रडत येऊन मावशीच्या गळ्यात पडली. तिला हळूच बाजूला करून मावशीने साहेबांना अडवलं.

"निघालात कुठे? आता पहिली भट्टी."

"अहो, तिथले दहाच्या दहा चांगले निघालेत!"

"म्हणूनच."

पलीकडे पहिल्या भट्टीपाशी नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. मावशीने दुखऱ्या नखावर फुंकर मारली आणि कपासाठी साहेबांपुढे हात केला.